सहा शनिवारांचं तिकीट

आधी खुर्च्यांबद्दल लिहितो, म्हणजे पुढचं कौतुक पैसे घेऊन केलंय असं कुणाला वाटायला नको. लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसल्या, हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यावर दोन तास. माझं वय सदुसष्ट, कंबर त्याहून जुनी. तिसऱ्या शनिवारपासून मी घरून उशी न्यायला लागलो. सहाव्या शनिवारी वर्गात पाच उशा होत्या. आयोजकांना त्यावरूनही काही सुचलं नाही.

हा वर्ग होता नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दिवाळीनंतरचे सहा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. फी १,२०० रुपये, ज्येष्ठांना ९००, 'चहासह'. विषय होता अमेरिका नवी होती तेव्हा तिथे उमेदवार कोण ठरवायचं आणि कसं. संस्थेचं नाव लिहीत नाही. एकतर तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे ठाण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी का गेलो? कोपरीत माझा छापखाना होता, अडतीस वर्षं. आधी ट्रेडल, मग ऑफसेट, शेवटी फ्लेक्सवाल्यांनी खाल्लं. लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर घर चालायचं, पण घराला रंग लागायचा तो निवडणुकीच्या वर्षी. पत्रकं, कार्यअहवाल, मतदार स्लिपा. म्हणजे उमेदवारी या प्रकरणाकडे मी जन्मभर गल्ल्यावरून पाहिलं. पालिकेची निवडणूक २०१७ नंतर झालीच नव्हती, आता होणार म्हणून सगळीकडे वारे वाहत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, घरात बसून टीव्हीवर ओरडण्यापेक्षा जा तिथे." पैसे तिनेच भरले.

शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका. मूळच्या कोकणातल्या, त्यामुळे टोमणा मारताना चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पहिल्या दिवशी आल्या, पंखा बंद करायला लावला (तो आवाज करत होता, आणि शेवटपर्यंत करत राहिला) आणि विचारलं, "तिकीट म्हणजे काय?"

आम्ही बावीस जण होतो. एका माजी नगरसेवकाचे पीए होते, ते म्हणाले, "एबी फॉर्म." स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा म्हणाला, "पक्षाची अधिकृत उमेदवारी." पाचपाखाडीच्या एक वहिनी, ज्यांनी पंधरा वर्षं एका पक्षाच्या महिला आघाडीत हळदीकुंकवांची व्यवस्था पाहिली, त्या म्हणाल्या, "जे आपल्याला कधी मिळत नाही ते."

मॅडम म्हणाल्या, "कागद. नुसता कागद."

आणि तिथे मी सरसावून बसलो. कारण गोष्ट अशी होती की जिथे कागदावर मत द्यायची पद्धत होती तिथेही सरकार मतपत्रिका देत नसे. मतदाराने आपापला कागद आणायचा, त्यावर नावं लिहायची आणि पेटीत टाकायचा. एका पक्षाने एकत्र मांडलेली नावांची ती यादी म्हणजे तिकीट. अमुक माणूस तिकिटावर आहे, याचा अर्थ त्या कागदावर त्याचं नाव आहे, बस्स. आपल्याकडे 'तिकीट कापलं' म्हणतात, तो शब्द असा सातासमुद्रापलीकडून आलाय. अडतीस वर्षं मी हा शब्द ऐकला, त्यावर उधारी दिली, आणि त्यात कागद आहे हे मला, कागदवाल्याला, कधी दिसलं नाही.

मग मॅडमनी जॉन ॲडम्सच्या डायरीतलं १७६३ सालच्या फेब्रुवारीतलं एक पान वाचून दाखवलं. हा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा तरुण वकील होता. त्याच्या कानावर आलं की बॉस्टनमध्ये टॉम डॉझ नावाच्या माणसाच्या घरी, माळ्यावर, एक मंडळी जमतात. माळ्याला मधोमध काढता-घालता येणारी फळी आहे. ती काढली की सगळा एक हॉल. तिथे इतका तंबाखू ओढतात की या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. 'फ्लिप' नावाचं पेय पितात. मॅडमनी तेही सांगितलं: बिअर, रम, साखर, आणि वर तापलेली लोखंडी सळई बुडवायची. आणि मग गावचे कारभारी, करवसुलीवाले, आगीवर लक्ष ठेवणारे, विधिमंडळातले प्रतिनिधी, सगळे तिथे ठरतात. गावाने निवडायच्या आधीच माळ्यावर निवडलेले असतात. ॲडम्सने याला 'कॉकस क्लब' म्हटलंय. तो शब्द अजून चालतो.

पीए साहेब म्हणाले, "फक्त माळा बदलला. आता फार्महाऊस."

माळा म्हटल्यावर मला माझा माळा आठवला. २००७ च्या पालिका निवडणुकीत एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. तिकीट 'शंभर टक्के आपलंच' होतं. वीस हजार पत्रकं, दोन रंग, सत्तर जीएसएम मॅपलिथो. वर ठळक मजकूर: 'मित्रमंडळी व हितचिंतकांच्या आग्रहाखातर'. बिल ११,४०० रुपये, ॲडव्हान्स २,०००. माल बांधून तयार, आणि अर्ज भरायच्या आदल्या रात्री तिकीट दुसऱ्याला. गृहस्थ फोन उचलेनात. गठ्ठे गेले माळ्यावर. रद्दीत घालायला हात झाला नाही, कागद चांगला होता.

तर मॅडम दुसऱ्या शनिवारी सांगत होत्या की मेरीलँडमध्ये उमेदवार वर्तमानपत्रात निवेदन द्यायचे, त्यात ठरलेलं वाक्य असायचं की अनेक मित्रांच्या आग्रहावरून मी उभा राहतोय. मी मोठ्याने हसलो. सगळे वळून बघायला लागले. सांगावं लागलं मग. त्या काळी स्वतःहून 'मला निवडून द्या' म्हणणं हलकं समजत, म्हणून आग्रह कुणीतरी दुसऱ्याने करायचा. आपल्याकडे आता लाज उरलेली नाही, आग्रह मात्र उरलाय.

दुसरा शनिवार बाकी दारूत गेला. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ साली फ्रेडरिक काउंटीतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) उभा होता. तो स्वतः सैन्यात, प्रचाराला आलाच नाही, आणि त्याच्या नावाने मतदारांना १६० गॅलन रम, पंच, वाइन, बिअर वगैरे पाजलं गेलं. जिंकला. १७७७ साली जेम्स मॅडिसन म्हणाला मी पाजणार नाही, तो हरला. आणि जिंकलेला माणूस खानावळ-गुत्तेवाला होता. या गोष्टी रंगतात, मान्य. पण यावर पाऊण तास? ओल्या पार्टीचं ज्ञान ठाणेकरांना विकत घ्यावं लागत नाही.

त्याच दिवशीची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मॅडमनी एक तक्ता वाटला. फिलिप लॅम्पी नावाच्या माणसाने जुनी वर्तमानपत्रं चाळून अनेक दशकं हाताने टिपून ठेवलेले निवडणुकांचे आकडे आता इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात, त्यातलाच हा. १७८९, अमेरिकेची पहिली काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), व्हर्जिनियातला एक मतदारसंघ. एका बाजूला तोच मॅडिसन, दुसऱ्या बाजूला जेम्स मन्रो. दोघे मित्र, दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष. मॅडिसनला १,३०८, मन्रोला ९७२. खाली काउंटीवार फोड. मॅडिसनच्या घरच्या ऑरेंज काउंटीत त्याला २१६ आणि मन्रोला... झेरॉक्स इतकी फिकी की आकडा ९ आहे की ० हे कळेना. (१,२०० रुपये घेता, टोनर तरी भरा. मी त्यांना स्वस्तात करून देणारा माणूस सुचवला होता.) मॅडम म्हणाल्या, नऊ.

आणि मग त्यांनी सांगितलं की व्हर्जिनियात कागद नव्हताच. मतदाराने शेरीफसमोर उभं राहायचं आणि आपण कुणाला मत देतो ते मोठ्याने, सगळ्या गर्दीदेखत सांगायचं. कारकून लिहून घेणार. उमेदवार हजर असला तर तो उठून त्या मतदाराचे तिथल्या तिथे आभार मानणार.

म्हणजे त्या नऊ जणांनी, मॅडिसनच्या गावात, मॅडिसनच्या जमीनदार बापाचा जिथे शब्द चालायचा तिथे, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, भर थंडीत खणखणीत सांगितलं असणार: मन्रो. आमच्या सोसायटीत हात वर करून कमिटी निवडतात. सेक्रेटरी समोर बसलेला असताना त्याच्याविरुद्ध हात वर करायला किती जोर लागतो हे मला माहीत आहे. दोनदा केलंय, नंतर वर्षभर आमच्या मजल्यावरचा ट्यूबलाइट बदलला नव्हता. त्या नऊ जणांची नावं तक्त्यात नाहीत. असती तर मी वाचली असती.

आता तिसरा शनिवार. पैसे वसूल झाले ते याच दिवशी.

मॅडमनी आल्या आल्या सांगितलं, आज लिहायचंय. आदल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं की कुणाकडे पाठकोरे कागद आहेत का. मी माळ्यावरून एक गठ्ठा काढला. पुढच्या बाजूला ते गृहस्थ हात जोडून उभे, मागची बाजू कोरी. प्रत्येकाला दोन-दोन वाटले. पीए साहेबांनी फोटो बघितला, नाव वाचलं आणि म्हणाले, "अरे, हे इथे आहेत होय!" आणि लगेच कागद उलटा केला.

गोष्ट १७९६ ची, पेनसिल्व्हेनियाची. राष्ट्राध्यक्ष निवडायचा तर थेट मत नव्हतं. राज्यातून पंधरा निर्वाचक निवडायचे आणि ते पुढे मत देणार. मतदाराच्या कागदावर पंधराच्या पंधरा नावं हवीत. कागद हाताने लिहिलेला हवा, छापील चालणार नाही. लढत थॉमस जेफरसन आणि तोच जॉन ॲडम्स यांच्यात. जेफरसनच्या बाजूचा कारभारी होता जॉन बेकली, एरवी प्रतिनिधिगृहाचा कारकून. त्याने काय केलं? जेफरसनसाठी नावाजलेली पंधरा माणसं जमवून एक यादी पक्की केली आणि राज्यभर सुमारे ३०,००० हस्तलिखित तिकिटं वाटली. हाताने लिहून. मतदाराने फक्त न्यायचं आणि टाकायचं.

मॅडमनी फळ्यावर नावं लिहिली. थॉमस मकीन, विल्यम मक्ले, पीटर म्यूलेनबर्ग, विल्यम आयर्विन, जॉन स्मायली, अशी पंधरा, इंग्रजीत. म्हणाल्या, "लिहा. घड्याळ लावते."

मी खिळे जुळवलेला माणूस. उलटी अक्षरं वाचायची सवय, सुलट लिहायची गेलेली. म्यूलेनबर्गला एक अक्षर जास्त पडलं, खोडलं. मॅडम मागून आल्या. "खाडाखोड झाली काका. मोजणारा म्हणेल हा माणूस कोण? मत वादात." दुसरा कागद घेतला. सात मिनिटं लागली. वहिनींना पाच, त्यांचं अक्षर आजही शाळेच्या वहीसारखं आहे. स्पर्धा परीक्षेवाल्या मुलाला नऊ, आणि त्यात एक नाव गळलं.

मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. एका तिकिटाला सात मिनिटं धरली तर तीस हजारांना साडेतीन हजार तास. दहा-दहा तास बसणारी पस्तीस माणसं, दहा दिवस. माझ्या ट्रेडलवर तासाला हजार छाप निघायचे. एका कागदावर चार तिकिटं लावली तर साडेसात हजार छाप, म्हणजे एक दिवसाचं काम, संध्याकाळी कटिंग. मी हे मोठ्याने बोललो. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच छापील नको होतं ना. छापलं की सोपं होतं. सोपं झालं की गठ्ठ्याने येतं." पण गठ्ठ्याने आलंच की! फक्त पस्तीस माणसांची बोटं मोडून आलं. कायद्याने मशीन अडवलं, संघटनेने माणसं बसवली. आपल्याकडे खर्चमर्यादा असते तसंच.

निकाल असा की पेनसिल्व्हेनियाची १४ मतं जेफरसनला आणि एक ॲडम्सला. पण त्यात एक गंमत आहे. त्या चौदांतला एक, सॅम्युअल माइल्स, निवडून आला होता ॲडम्सच्या बाजूने, आणि मत टाकलं जेफरसनला. त्यावर एका चिडलेल्या मतदाराने वर्तमानपत्रात लिहिलं की मी माइल्सला विचार करायला निवडलं नव्हतं, सांगितलं तसं करायला निवडलं होतं. वर्गात हे वाचल्यावर बावीसच्या बावीस ठाणेकर हसले. का, ते लिहायची गरज नाही.

चौथा शनिवार झालाच नाही. आम्ही पाचला पोहोचलो तर जिन्यावर पन्नासेक चपला-बूट, आणि वर दार बंद. हॉल एका पक्षाच्या वॉर्ड बैठकीला दिला होता. इच्छुकांच्या मुलाखती. आयोजकांचा मुलगा खाली उभा, "काका, अचानक आलं हो, नाही म्हणता येत नाही." नाही म्हणता येत नाही हे मला समजतं, पण एक मेसेज करता येतो. वहिनी पाचपाखाडीहून रिक्षाने आल्या होत्या. आम्ही समोरच्या टपरीवर उभे राहिलो. वर कटिंगचे ट्रे जात होते, दर दहा मिनिटांनी कुणीतरी उतरत होतं, आणि उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पीए साहेब सांगत होते: "हा गेला. हा अपक्ष भरणार. याला स्वीकृत नगरसेवकाचं गाजर दिलंय." मॅडम चहाचा घोट घेत म्हणाल्या, "फी याचीच होती असं समजा." तरी त्या दिवसाचे पैसे परत मिळायला हवे होते, किंवा पुढे दोन्ही शनिवारी अर्धा-अर्धा तास जास्त. तसं कबूल केलं होतं, पाळलं एकदाच.

पाचवा शनिवार न्यूयॉर्क, १८००. एरन बर, जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाचा (आजचा तो नव्हे) तिथला पुढारी. त्या राज्यात राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक विधिमंडळ निवडायचं, त्यामुळे न्यूयॉर्क शहरातल्या तेरा जागा जिंकणं म्हणजे राज्याची बाराच्या बारा निर्वाचक मतं खिशात. बरने काय केलं, आपली यादी दाबून ठेवली. समोरच्या फेडरलिस्ट पक्षाच्या अलेक्झांडर हॅमिल्टनने आपली जाहीर केली, तिच्यात फारसं कुणी ओळखीचं नव्हतं. मग बरने पत्ते टाकले: माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, युद्धातला सेनापती होरेशियो गेट्स, ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन, माजी पोस्टमास्टर जनरल सॅम्युअल ऑसगुड. क्लिंटन नको नको म्हणत होता. दिवसचे दिवस मनधरणी. शेवटी एवढ्यावर तयार झाला की माझं नाव घाला, मी जाहीरपणे नाही म्हणणार नाही. 'आग्रहाखातर'चा अस्सल नमुना हा.

आणि यादी. बरच्या माणसांनी शहरातल्या मतदारांची यादी केली: कोण कुठल्या बाजूचा, स्वभाव कसा, वर्गणी किती देईल, त्याला मतदानाला आणायला काय करावं लागेल. मॅडम हे सांगत असताना पीए साहेबांनी मोबाइल काढून मला त्यांची एक्सेल शीट दाखवली. रकाने होते: आपला, त्यांचा, प्रश्नचिन्ह, मयत, गावी, 'पाणी', 'मुलाचं ॲडमिशन'. पूर्वी हेच काम माझ्याकडे छापून नेलेल्या यादीवर तीन रंगांच्या पेनांनी व्हायचं. मतदान तीन दिवस चाललं, २९ एप्रिल ते १ मे. बरचं घर तेवढे दिवस कार्यकर्त्यांना जेवायला आणि आडवं व्हायला उघडं होतं. तेराच्या तेरा जागा आल्या. पुढे जेफरसन आणि बर दोघांना ७३-७३ मतं पडून जो घोळ झाला आणि प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्या, ते मॅडमनी पाच मिनिटांत उरकलं, बरोबर केलं. ते सगळीकडे वाचायला मिळतं. क्लिंटनच्या मनधरणीचं मिळत नाही.

सहावा शनिवार म्हणजे शेवटच्या दिवशी मतदार स्लिपा वाटायला निघाल्यासारखं. सगळं राहिलेलं, सगळं घाईत. प्रभाग रचनेवर सात मिनिटं: मॅसॅच्युसेट्स, १८१२, गव्हर्नर गेरीच्या सहीने नकाशा असा कापला की राज्याच्या सिनेटला फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं आणि ११ जागा, रिपब्लिकनांना ५०,१६४ मतं आणि २९ जागा. एका वाकड्यातिकड्या मतदारसंघाला लोकांनी पालीसारख्या प्राण्याचं नाव देऊन त्यात गेरीला जोडलं. ठाण्यात यावर एक अख्खा शनिवार हवा होता, लोक नकाशे घेऊन आले असते. १८२४ साली काँग्रेसमधल्या बड्यांनी बैठक घेऊन राष्ट्राध्यक्षाचा उमेदवार ठरवायचं म्हटलं तर ६६ जणच आले, आणि तो उमेदवार क्रॉफर्ड शेवटी तिसरा आला. तीन मिनिटं.

न्यू जर्सीला बारा मिनिटं मिळाली, त्यावरून भांडण झालं, आणि भांडण रास्त होतं. तिथे १७७६ पासून ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या कुणालाही मत होतं, आणि १७९० च्या कायद्यात तर 'तो किंवा ती' असं सरळ लिहिलेलं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, त्यामुळे मत द्यायच्या त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित. पक्ष त्यांना गाड्या पाठवून आणायला लागले. मग १८०७ च्या फेब्रुवारीत एसेक्स काउंटीत कोर्टाची इमारत न्यूअर्कला बांधायची की एलिझाबेथटाउनला यावर मतदान झालं आणि त्यात असा धुमाकूळ की एकेकाने चार-चारदा मत टाकलं. पुरुष आणि पोरं बायकांचे कपडे घालून मत देऊन गेली असंही सांगितलं जायचं. मतदान रद्द झालं. त्याच वर्षी कायदा बदलला: यापुढे मत फक्त गोऱ्या पुरुष नागरिकांना. बायका गेल्या, काळे गेले.

वहिनी उभ्या राहिल्या. "म्हणजे लुगडी नेसून चोऱ्या केल्या पुरुषांनी, आणि हक्क गेला बायकांचा?"

मॅडम म्हणाल्या, "हो."

"आणि याला बारा मिनिटं?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे आयोजकांचा मुलगा किल्ली घेऊन उभा होता. त्यानंतर आम्ही सगळे जिन्यात उभं राहून साडेसातपर्यंत बोललो. चहा अर्थातच नव्हता. 'चहासह' हे पहिल्या दोन शनिवारांपुरतं होतं.

जिन्यातच मी मॅडमना विचारलं की छापील तिकीट शेवटी चाललं कधी. त्या म्हणाल्या, त्याची गोष्ट तर तुमच्यासाठीच राखून ठेवली होती. १८२९, बॉस्टन. डेव्हिड हेनशॉ नावाच्या माणसाने विधिमंडळाच्या ५५ जागांसाठी ५५ नावं असलेलं छापील तिकीट पुढे केलं. अधिकाऱ्यांनी घेतलं नाही. राज्यघटनेत 'लिखित' म्हटलंय. हा कोर्टात गेला. १८३० साली कोर्टाने सांगितलं, छापील हेही लिखितच. पुढे पक्ष आपापली तिकिटं छापत राहिले, आणि सरकारने स्वतः छापलेली मतपत्रिका मॅसॅच्युसेट्समध्ये आली ती १८८८ च्या कायद्याने. मधली सगळी वर्षं छापखान्यांची. मी हिशेब करायला लागलो होतो, मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखे तुरुंगातही गेले." व्हरमाँटमधला अँथनी हॅसवेल, छापखानेवाला आणि संपादक. तुरुंगात बसलेल्या एका खासदाराची बाजू छापली म्हणून १८०० साली दोन महिने कैद आणि २०० डॉलर दंड. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या पत्रकाखाली मुद्रकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. ती बारीक ओळ मी हजारो वेळा जुळवली, आणि ती कशासाठी असते ते कधी मनाला लागलं नव्हतं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा चौथ्या शनिवारचा कापला, अर्धा खुर्च्या, पंखा आणि झेरॉक्स मिळून. मॅडमना वेगळे तारे देता आले असते तर पाच. ज्यांना अमेरिकेची स्तुती किंवा निंदा ऐकायची आहे त्यांनी जाऊ नये, दोन्ही नाही. ज्यांना पालिकेचं तिकीट हवंय त्यांनीही जाऊ नये. पीए साहेब म्हणाले तसं, ते शनिवारी बाराशेत मिळत नाही.

पुढची बॅच फेब्रुवारीत आहे असं कळतं. पार्किंग नाही, स्टेशनहून चालत दहा-बारा मिनिटं. येताना उशी आणा, आणि पेन शाईचं आणा, बॉलपेनने बोटं लवकर दुखतात. कागदाची काळजी नको, माळ्यावर अजून चार गठ्ठे आहेत.